फोर्कचे सील आणि तेल बदलणे : करोल बागेतून लडाखला निघण्यापूर्वी

या पाठातून काय शिकाल
• मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंग, तेल आणि हवा यांपैकी कोण कोणते काम करते
• ऑइल सील गळण्याची कारणे आणि ती ओळखण्याची पद्धत
• सील व तेल बदलण्याच्या कृतीतील प्रत्येक पायरीमागचे कारण
• तेलाच्या पातळीतील फरकाचा परिणाम साध्या गणिताने कसा काढावा

१. प्रस्तावना

समजा, जून महिना आहे. लडाखला जाण्यासाठी तुम्ही आपली मोटरसायकल पुण्याहून रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला आणली आहे. परवा पहाटे मनालीकडे निघायचे आहे. गाडी धुताना तुमच्या लक्षात येते की पुढच्या एका फोर्कच्या चकचकीत पाइपवर तेलाचे कडे उमटले आहे आणि ते तेल ओघळून ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत पोहोचले आहे.

दिल्लीत अशा वेळी लोक करोल बागेत जातात. नाईवाला गली आणि हरीसिंग नलवा स्ट्रीट या भागात मोटरसायकलींचे सुटे भाग, जुन्या गाड्या, भाड्याच्या बुलेट, सामानाचे स्टँड, जॅकेट आणि दुरुस्ती हे सगळे शेजारी शेजारी मिळते. हिमालयात जाणाऱ्या अनेक सहलींची तयारी इथेच होते. (करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो, हे दिवस ठरवताना लक्षात ठेवा.) आपण ज्याला ‘पुढचा शॉकअप’ म्हणतो त्याला इथले मिस्त्री ‘शॉकर’ म्हणतात. तुम्ही गाडी दाखवलीत की उत्तर लगेच मिळते : सील गेले आहे, तासा-दोन तासांत नवे टाकून देतो.

हे उत्तर बरोबर असू शकते; पण ते अपुरे आहे. गळती सीलपाशी दिसते एवढेच त्यातून कळते. सील का गेले, हे न पाहता नवे बसवले तर तेही रस्त्यात गळू लागते, आणि तेव्हा तुम्ही करोल बागेत नसता. म्हणून या पाठात आपण कृतीबरोबर कारणांचाही विचार करू. काम तुम्ही स्वतः करा किंवा मिस्त्रीकडून करून घ्या. काय पाहायचे आणि काय विचारायचे, हे तुम्हाला कळले पाहिजे.

गळक्या फोर्कमध्ये सर्वांत मोठा धोका ब्रेकचा असतो. पुढच्या डिस्कवर किंवा पॅडवर तेल गेले की घर्षण कमी होते आणि ज्या ब्रेकवर गाडी थांबवण्याची मुख्य जबाबदारी असते तोच दगा देतो. म्हणून कॅलिपरपर्यंत ओल पोहोचली असेल, तर ‘परत आल्यावर बघू’ हा पर्याय उरत नाही.

२. फोर्कची रचना

इथे आपण नेहमीचा टेलिस्कोपिक फोर्क घेऊ. रॉयल एनफिल्डच्या बहुतेक ३५० सीसी गाड्यांमध्ये आणि २०१६ साली आलेल्या हिमालयनमध्ये असाच फोर्क असतो. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या हिमालयनमध्ये उलटा फोर्क आहे. त्यात जाड नळी वर व बारीक नळी खाली असते. तत्त्वे तीच असली तरी त्याची उघडण्याची रीत वेगळी आहे. पुढील कृती त्याला जशीच्या तशी लावू नये.

फोर्कच्या प्रत्येक पायात पुढील भाग असतात.

फोर्क पाइप : क्रोमचा मुलामा दिलेली आतली नळी. ती वर हँडलखालच्या पकडीत घट्ट बसवलेली असते.
बॉटम : खालचे बाहेरचे आवरण. चाकाचा ॲक्सल यात असतो. चाक खड्ड्यात गेले की बॉटम पाइपवरून वर-खाली सरकते.
स्प्रिंग : पाइपच्या आत असते व गाडीचे वजन पेलते.
डॅम्पर रॉड : बॉटमच्या तळाला बोल्टने जोडलेली, भोके असलेली बारीक नळी. फोर्क हलला की तेल या भोकांतून जाते.
बुश : पाइप आणि बॉटम यांच्यामधील घसरपट्ट्या. काही फोर्कमध्ये त्या वेगळ्या नसतात.
ऑइल सील : बॉटमच्या वरच्या तोंडाशी बसवलेली रबरी कडी. तिच्या आतल्या ओठाभोवती बारीक गोल स्प्रिंग असते.
डस्ट सील : ऑइल सीलच्या वर बसणारे झाकण. धूळ व चिखल बाहेर ठेवणे हे त्याचे काम.

ऑइल सीलचे काम नीट समजून घ्या. पाइप पूर्ण कोरडा पुसून काढणे, हे ते काम नाही. ओठ आणि पाइप यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर राहावाच लागतो; नाहीतर रबर घासून जळेल. आतला दाब वाढला की तो ओठाला पाइपवर अधिक दाबतो, म्हणजे दाब काही प्रमाणात सीललाच मदत करतो. मात्र या सगळ्यासाठी पाइपचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असावा लागतो. क्रोमवर टोचेल असा एक खड्डा असला, तर प्रत्येक फेरीत तो ओठ खरवडतो आणि आपल्याबरोबर थोडे तेल बाहेर आणतो.

३. तेल नेमके काय करते

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. फोर्कमध्ये फक्त स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डोलत राहिली असती. ही ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करणे, हे तेलाचे पहिले काम.

तेल अरुंद जागेतून संथपणे वाहते तेव्हा लागणारा दाब त्याच्या दाटपणाच्या आणि वेगाच्या समप्रमाणात असतो. भोकातून ते जोरात फेकले जाते तेव्हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. साध्या डॅम्पर रॉडच्या फोर्कमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. म्हणूनच असा फोर्क हळू लाटांवर मऊ वाटतो आणि अचानक आलेल्या दगडावर मात मनगटांना दणका देतो.

दाटपणाचा प्रश्न बाजारात प्रत्यक्ष समोर येतो. फोर्क ऑइलच्या बाटलीवर ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू असे लिहिलेले असते. ४० अंश सेल्सिअसला साधारण १०डब्ल्यू फोर्क ऑइलचा दाटपणा ३० सेंटिस्टोकच्या आसपास असतो. पण या आकड्यांची वाटणी सर्व कंपन्या सारखी करत नाहीत. एका कंपनीचे १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १०डब्ल्यूपेक्षा बरेच दाट असू शकते. म्हणून दोन कंपन्यांची तेले मिसळू नका आणि शक्य असेल तर बाटलीवरचा सेंटिस्टोकचा आकडा पाहा.

काही गॅरेजांत फोर्कमध्ये इंजिनचे २०डब्ल्यू-५० तेल घातले जाते. ४० अंशांना त्याचा दाटपणा साधारण १५० ते १७० सेंटिस्टोक असतो, म्हणजे १०डब्ल्यू फोर्क ऑइलच्या सुमारे पाचपट. दिल्लीच्या उन्हात फोर्क फक्त ‘कडक’ वाटेल. पहाडात पहाटे पारा शून्याजवळ असतो. तेव्हा हेच तेल आणखी घट्ट होते, दाबला गेलेला फोर्क वेळेत परत येत नाही आणि लागोपाठच्या खड्ड्यांवर चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. कोणते तेल घालायचे याचे उत्तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तेच वापरावे.

४. हवा : न दिसणारी दुसरी स्प्रिंग

तेलाच्या वर पाइपमध्ये हवा कोंडलेली असते. फोर्क दाबला की ही हवाही दाबली जाते आणि स्प्रिंगप्रमाणे विरोध करते. तेल जास्त भरले की हवेला जागा कमी उरते. याचा परिणाम किती होतो ते काढून पाहू.

२०२१ पासूनच्या क्लासिक ३५० च्या फोर्क पाइपचा बाहेरचा व्यास ४१ मिमी आणि फोर्कची चाल १३० मिमी आहे. हिशेबासाठी पाइपचा आतला व्यास ३७ मिमी आणि फोर्क पूर्ण दाबल्यावर तेलाच्या वरची मोकळी जागा १०० मिमी मानू. हे दोन आकडे उदाहरणापुरते आहेत, दुरुस्तीसाठी वापरू नका. स्प्रिंगने व्यापलेली जागाही सोडून देऊ.

आतल्या छेदाचे क्षेत्रफळ = (३.१४ ÷ ४) × ३७ × ३७ ≈ १०७५ चौ. मिमी
बाहेरच्या छेदाचे क्षेत्रफळ = (३.१४ ÷ ४) × ४१ × ४१ ≈ १३२० चौ. मिमी

फोर्क पूर्ण दाबलेला असताना हवा = १०७५ × १०० ≈ १०८ घन सेंमी
फोर्क पूर्ण उघडल्यावर वाढलेली जागा = १३२० × १३० ≈ १७२ घन सेंमी
म्हणजे उघडलेल्या फोर्कमधील हवा = १०८ + १७२ = २८० घन सेंमी

तापमान बदलत नाही असे मानले, तर बॉइलच्या नियमानुसार दाब २८० ÷ १०८ ≈ २.६ पट होतो. सुरुवातीला आत १०० किलोपास्कल, म्हणजे साधारण बाहेरच्याइतकाच दाब होता. पूर्ण दाबल्यावर तो २६० होतो. बाहेरच्यापेक्षा १६० ने अधिक. प्रत्येक पायावर हवेचे बल ०.१६ × १३२० ≈ २११ न्यूटन.

आता त्याच पायात तेलाची पातळी २० मिमीने जास्त ठेवा. त्यासाठी १०७५ × २० म्हणजे फक्त २१.५ मिली तेल लागते, चहाचे जेमतेम चार चमचे. मोकळी जागा ८६ घन सेंमी उरते. गुणोत्तर (८६ + १७२) ÷ ८६ = ३ होते, बाहेरच्यापेक्षा अधिकचा दाब २०० किलोपास्कल आणि बल २६४ न्यूटन. म्हणजे चार चमचे तेलाने हवेच्या स्प्रिंगचे बल आणि सीलवरचा दाब, दोन्ही पाव हिश्शाने वाढले. खड्ड्यात हवा झटक्यात दाबली जाते तेव्हा ती तापते आणि प्रत्यक्ष दाब याहूनही अधिक असतो.

तुलनेसाठी आणखी एक आकडा पाहा. गाडी, चालक व सामान मिळून ३०० किलो, मंदन ६ मी./से.², गुरुत्वमध्याची उंची ०.७ मी. आणि दोन चाकांच्या ॲक्सलमधील अंतर १.४ मी. धरले, तर ब्रेक लावताना पुढे सरकणारा भार ३०० × ६ × ०.७ ÷ १.४ = ९०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक पायावर ४५०. त्यापुढे हवेचे दोनशे-अडीचशे न्यूटन ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. एका पायात पातळी जास्त आणि दुसऱ्यात कमी असेल, तर ॲक्सलवर दोन बाजूंनी वेगवेगळे बल येते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, तेल ‘अंदाजाने’ भरू नये. दुसरा, मापपात्राने मोजून ओतणेही पुरेसे नाही. कारण सांडलेले काढताना थोडे तेल आत चिकटून राहते. शेवटची खात्री पातळी मोजूनच करायची.

५. उंचीमुळे सील फुटते का?

खारदुंग ला खिंडीची प्रत्यक्ष उंची सुमारे ५३५९ मीटर आहे. तिथे हवेचा दाब सुमारे ५२ किलोपास्कल, म्हणजे दिल्लीच्या निम्म्याजवळ. ‘वर गेल्यावर सील फुटतात’ असे अनेक जण सांगतात. आपले उदाहरण वापरून हे तपासू.

दिल्लीत ४० अंशांना फोर्क बंद केला. आत १०० किलोपास्कल. खिंडीत तापमान शून्य अंश असेल, तर आतला दाब १०० × २७३ ÷ ३१३ ≈ ८७ होतो. बाहेर ५२. म्हणजे उघडलेल्या फोर्कमध्येही ३५ किलोपास्कल जादा दाब राहतो आणि प्रत्येक पायावर ०.०३५ × १३२० ≈ ४६ न्यूटन बल येते. फोर्क थोडा कडक वाटतो, तो याच कारणाने.

पूर्ण दाबलेल्या स्थितीत काय होईल? ८७ × २.६ ≈ २२६. त्यातून ५२ वजा केले की १७४. दिल्लीत हाच आकडा १६० होता. वाढ फक्त १४ किलोपास्कल. चार चमचे जास्त तेलाने झालेली वाढ मात्र ४० होती. म्हणजे चांगल्या सीलला खिंडीची उंची सहज झेपते. आधीच जखमी झालेल्या सीलची गळती तिथे उघडी पडते, एवढेच. काही फोर्कच्या टोपीवर हवा सोडण्याचा स्क्रू असतो. तो असेल तर चाक अधांतरी ठेवून वर एकदा हवा सोडता येते.

६. आधी निदान

सुटे भाग विकत घेण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासा.

(अ) ओठाखाली माती. गळती नवीन आहे, गाडी नुकतीच चिखलातून आली आहे आणि पाइप गुळगुळीत आहे, अशा वेळी ही शक्यता मोठी. डस्ट सील हळूच वर सरकवा आणि आजूबाजूची जागा पुसा. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा करा, तेल लावा, पाइप आणि ओठ यांच्यामध्ये सरकवून सगळीकडून फिरवा आणि माती बाहेर ओढून काढा. फोर्क दहा-पंधरा वेळा दाबा, पुसा आणि फेरफटका मारून पाहा. गळती थांबली तर सील बदलायची गरजच नव्हती. स्क्रूड्रायव्हर किंवा धातूची पट्टी इथे कधीही वापरू नका.

(आ) पाइपवर ओरखडे वा गंज. पाइप पुसून त्यावरून नख वर-खाली फिरवा. जिथे नख अडकते ती जागा खुणावून ठेवा. सील जिथून फिरते त्या पट्ट्यात बारीक टोचरा कण असेल, तर तेल लावलेल्या १००० किंवा अधिक नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त वर आलेली कड उतरवता येते. क्रोम उडून खड्डा पडला असेल, तर पाइप बदलणे किंवा त्याला पुन्हा क्रोम करून घेणे हाच उपाय. अशा पाइपवर नवे सील म्हणजे पाण्यात गेलेले पैसे.

(इ) झिजलेले बुश किंवा वाकलेला पाइप. पुढचे चाक उचलून बॉटम पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर आधी स्टेअरिंगचे बेअरिंग सैल नाही ना ते पाहा, नंतर बुशचा संशय घ्या. बुश झिजले की पाइप मध्यावर राहत नाही आणि ओठाची एक बाजू उघडी पडते. पाइप वाकला आहे का हे उघडल्यावर सपाट काचेवर गडगडत सोडून किंवा डायल गेजने तपासतात.

(ई) म्हातारे सील. रबर कडक झाले आहे, तडे गेले आहेत, दोन्ही बाजूंना हळूहळू ओल येते, पण पाइप उत्तम आहे : हे सील बदलण्याचे खरे कारण.

(उ) तेल जास्त भरलेले. नुकतीच दुरुस्ती झाली आणि लगेच गळती सुरू झाली, तर पातळी तपासा.

७. करोल बागेत खरेदी

सीलवर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ४१×५४×११ : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. दुकानदाराला केवळ गाडीचे नाव सांगू नका. गाडीचे साल व भागाचा क्रमांक सांगा, आणि शक्य असेल तर जुने सील बरोबर न्या. सील नेहमी जोडीने बदला. एका बाजूचे म्हातारे झाले असेल तर दुसऱ्याचेही वय तेवढेच आहे. ओठ बोटाने दाबून पाहा : रबर लवचिक हवे, कड अखंड हवी, आतली गोल स्प्रिंग जागेवर हवी. सीलबरोबर डस्ट सील, तळाच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर आणि योग्य ग्रेडचे तेल घ्या. बुश झिजले असतील तर तेही याच वेळी बदला, कारण त्यांच्यासाठी पुन्हा हाच सगळा खटाटोप करावा लागतो.

८. कृती

तपशील आणि बोल्ट आवळण्याचे आकडे मॅन्युअलमधून घ्या. क्रम असा :

१) गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली जॅक देऊन पुढचे चाक अधांतरी करा. गाडी ढकलून पाहा. डगमगत असेल तर पुढे जाऊ नका.

२) फोर्क जागेवर असतानाच वरच्या पकडीचा बोल्ट ढिला करा आणि मग फोर्कची टोपी थोडी सैल करा. फोर्क हातात आल्यावर टोपी फिरवायला आधार राहत नाही. तळाचा डॅम्पर बोल्टही याच टप्प्यावर ढिला करा : स्प्रिंगचा दाब असेपर्यंत डॅम्पर रॉड आत गरगर फिरत नाही.

३) कॅलिपर सोडवून दोरीने बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका आणि ब्रेकचा लिव्हर दाबू नका. चाक व मडगार्ड काढा. खालच्या पकडीचे बोल्ट ढिले करून फोर्क फिरवत खाली ओढा.

४) टोपी पूर्ण काढताना चेहरा बाजूला ठेवा आणि टोपी तळहाताने दाबून धरा, कारण तिच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे. स्प्रिंगची कोणती बाजू वर होती त्याचा फोटो काढा. तेल भांड्यात ओता, फोर्क आठ-दहा वेळा दाबून उरलेले काढा. तेलाचा रंग पाहा : राखाडी चमक म्हणजे झिजलेल्या धातूचे कण, दुधाळ रंग म्हणजे आत शिरलेले पाणी. जुने तेल गटारात ओतू नका. वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

५) डस्ट सील उचला, खालची तारेची क्लिप काढा, तळाचा बोल्ट पूर्ण काढा. वेगळे बुश असतील, तर पाइप झटके देत ओढा; खालचे बुश वरच्याला ठोकते आणि सील बाहेर येते. बुश नसतील, तर पाइप आधी निघतो आणि सील उचकटून काढावे लागते. त्या वेळी बॉटमच्या कडेवर कापड ठेवा. मऊ ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा नव्या सीलच्या बाहेरून गळती करतो.

६) सगळे भाग धुऊन कोरडे करा, पाइप पुन्हा एकदा नखाने तपासा.

७) पाइपच्या तोंडावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवा आणि तिला तेल लावा. धारदार कडेवरून जाताना नव्या सीलचा ओठ कापला जाणे, ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. सील बसवताना खुणा असलेली बाजू वर ठेवा. योग्य मापाच्या सील ड्रायव्हरने ते सरळ ठोकत बसवा. ड्रायव्हर नसेल, तर जुने सील मध्ये ठेवून त्यावर मापाचा पीव्हीसी पाइप चालतो. क्लिपची खाच संपूर्ण वर्तुळात दिसू लागली की सील पूर्ण बसले. क्लिप लावा, डस्ट सील बसवा.

८) तळाचा बोल्ट नवा तांब्याचा वॉशर घालून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आवळा.

९) स्प्रिंग बाहेर ठेवून तेल ओता. फोर्क सावकाश दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे डॅम्परमध्ये अडकलेले बुडबुडे निघतील. दहा मिनिटे थांबा. मग फोर्क पूर्ण दाबून, सरळ उभा धरून, पाइपच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर मोजा. जास्त झालेले तेल सिरिंजने काढा. दोन्ही पायांत अंतर सारखे हवे.

१०) स्प्रिंग, टोपी, फोर्क, मडगार्ड, चाक आणि कॅलिपर परत बसवा. ॲक्सलच्या पकडीचा बोल्ट सर्वांत शेवटी आवळा : गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय समांतर होतील, आणि मग आवळा. हे राहिले तर फोर्क अडखळत चालतो आणि सील एका बाजूने झिजते.

११) डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. तेल प्यायलेले पॅड बदलाच. वरवर घासल्याने आत मुरलेले तेल निघत नाही. निघण्यापूर्वी ब्रेकचा लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबा.

९. निघण्यापूर्वीची परीक्षा

दुरुस्ती संपल्यावर लगेच मनालीचा रस्ता धरू नका. दिल्लीतच ४०-५० किलोमीटर फिरा, वाटेत गतिरोधक व खराब रस्ता येऊ द्या. नव्या सीलला लावलेले तेल पहिल्या काही दाबांत पाइपवर दिसेल, ते पुसा. दुसऱ्या फेरीनंतर पाइपवर बोटाला जेमतेम जाणवेल इतका चिकटपणा ठीक. कडे किंवा ओघळ दिसला तर परत उघडणे भाग आहे. दुसऱ्याकडून काम करून घेत असाल, तर तीन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या : पाइपवर नख फिरवणे, तेलाची बाटली तुमच्यासमोर उघडणे आणि दोन्ही पायांची पातळी मोजणे. चांगल्या मिस्त्रीला या विनंतीचा राग येत नाही. निघायचा दिवस एकाने पुढे गेला तरी चालेल. रस्त्यात प्रत्येक संध्याकाळी पाइप पुसा आणि पुसलेले कापड पाहा.

१०. सारांश

स्प्रिंग भार पेलते, तेल डोलणे थांबवते, हवा शेवटच्या टप्प्यात आधार देते. ओठ आणि गुळगुळीत पाइप ही सीलची जोडी आहे. एक बिघडले की दुसरे टिकत नाही. म्हणून आधी निदान, मग खरेदी, मग दुरुस्ती. तेल मोजायचे ते पातळीने, आणि दोन्ही पायांत सारखे.

११. स्वाध्याय

१) वरच्या उदाहरणात तेलाची पातळी २० मिमीने कमी ठेवली, तर पूर्ण दाबलेल्या फोर्कमधील दाब व बल काढा. हार्ड ब्रेक लावताना याचा काय परिणाम होईल?
२) चालीची लांबी १३० ऐवजी २०० मिमी आणि बाकी मापे तीच असतील, तर दाबाचे गुणोत्तर किती? इतकी चाल असलेल्या फोर्कमध्ये मोकळी जागा जास्त का ठेवावी लागेल?
३) फोर्क दिल्लीऐवजी लेहमध्ये बंद केला आणि गाडी दिल्लीला आणली, तर उघडलेल्या फोर्कमधील दाबाबद्दल काय सांगता येईल? सीलच्या ओठावर कोणत्या दिशेने दाब येईल?
४) एका गाडीत सहा महिन्यांत तीनदा सील बदलूनही एकाच बाजूने गळती होते. तपासणीचा क्रम कारणांसह लिहा.
५) जवळच्या गॅरेजात फोर्क उघडताना पाहा. या पाठातील कोणत्या पायऱ्या तिथे गाळल्या गेल्या आणि त्यांचा काय परिणाम होऊ शकेल, ते दहा ओळींत नोंदवा.